सापडला का स्क्रू?

चष्म्याच्या काडीचा स्क्रू पडला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. उजवी काडी हातात आली, काच नाकावरून घसरली, तेवढंच. सकाळी नऊच्या आत एका पुस्तकाची शेवटची बत्तीस पानं तपासून द्यायची होती, आणि मुद्रितशोधन चष्म्याशिवाय होत नाही. ऱ्हस्व-दीर्घ राहू दे, मला ओळीच दिसत नाहीत. मी खाली बसले, मग गुडघ्यांवर, मग पालथी पडून एक गाल फरशीला टेकवला. खुर्चीच्या पायाशी केसांचं गुंतवळ मिळालं, तुटलेलं शिसाचं टोक मिळालं, मागे कधीतरी शोधून शोधून नाद सोडलेलं एक निळं बटण मिळालं. स्क्रू मिळाला नाही. आतून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, राहू दे ना आता. उद्या नवीन बसवून आण." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तरी ते वाक्य ऐकलं आणि मला रडू फुटलं. हुंदके आतल्या खोलीत जाऊ नयेत म्हणून तोंडावर ओढणी धरून मी फरशीवर बसून राहिले.

दिवस तसा साधाच गेला होता. सकाळी एक अर्ज तीनदा भरला, तिन्ही वेळा शेवटच्या पानावर तो पुसला गेला. दुपारी फोनवर वीस मिनिटं ताटकळले आणि फोन आपोआप बंद झाला. संध्याकाळी लेकाच्या दप्तराची चेन फाटली. यातलं एकही कोणाला सांगण्यासारखं नाही. "काय झालं?" असं विचारलं असतं तर मी "काही नाही" म्हणाले असते, आणि ते खोटंही नव्हतं. बारा वाजून दहा मिनिटांनी, एका डोळ्यासमोर चष्म्याची काच धरून, मी फोनवरच्या एका गटात लिहिलं: 'चष्म्याचा स्क्रू हरवला आहे आणि मी फरशीवर बसून रडते आहे.' ज्यांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत, ज्यांच्यातल्या बऱ्याच जणांची खरी नावंही मला माहीत नाहीत, अशा माणसांना.

कोणी म्हणालं, टॉर्च उंच धरू नका, जमिनीला टेकवून आडवी धरा, बारीक वस्तूचीही सावली लांब पडते. कोणी म्हणालं, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला पातळ मोजा ताणून बांधा, स्क्रू आत जाणार नाही, मोज्याला चिकटून राहील. तात्पुरती सेफ्टी पिन घाला, आणि नवा स्क्रू बसला की त्यावर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब सोडा, मग तो ढिला होत नाही, असंही कोणी सांगितलं. आणि एका बाईंनी नुसतंच लिहिलं, 'अहो, असे दिवस असतात. बसा थोडा वेळ तिथंच.' त्यांचं ऐकून मी थोडा वेळ तिथंच बसले. मग उठून सेफ्टी पिन शोधली आणि पहाटे अडीचपर्यंत बत्तीस पानं संपवली. पिनेचं टोक कानामागे टोचत होतं.

इथवर सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा फोन टेबलावर होता आणि त्याच बाईंचा निरोप आला: 'सापडला का स्क्रू, ताई?' नवरा शेजारीच बसला होता. "कुठला स्क्रू?" त्यानं विचारलं. तो विसरला होता, आणि विसरण्यासारखंच ते होतं. मग त्याची नजर वरच्या ओळीवर गेली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "रडत होतीस? मी आतच होतो की. मला का नाही सांगितलंस?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

मोठ्या दुःखांसाठी माणसांनी जागा करून ठेवली आहे. कोणी गेलं तर चार जण येतात, शेजारी बसतात, आपण बोललो नाही तरी चालतं. मोठं आजारपण आलं तर कामावर रजा मिळते, आवाज न चढवता बोललं जातं. पण दप्तराच्या फाटलेल्या चेनसाठी कोणी येत नाही आणि येऊही नये. बारीकसारीक त्रासाला 'त्रास' म्हणायचीच चोरी असते, कारण लगेच आपलंच मन आपल्याला म्हणतं, लोकांवर केवढाले प्रसंग येतात आणि तू हे काय घेऊन बसली आहेस. गंमत म्हणजे त्या रात्री तपासत होते ते पुस्तक ताणाबद्दलचंच होतं. त्यात एका कोष्टकाची हकिकत होती. १९६७ साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ उलथापालथींना गुण दिले: जोडीदाराचा मृत्यू १००, आणि सगळ्यात तळाला कायद्याचं किरकोळ उल्लंघन, ११. पुढे १९८१ मध्ये कॅनर, लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला दुसरी बाजू जोडली. त्यांनी रोजच्या कटकटींची ११७ कलमांची यादी केली आणि शंभर मध्यमवयीन माणसांना महिनोन्महिने ती भरायला लावली. माणसाच्या मनाची दशा काय होईल याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून जास्त चांगला बांधता येतो, असं त्यांना दिसलं. सगळ्यात जास्त जणांनी खुणा केलेल्या पहिल्या दहा कलमांत एक होतं, 'वस्तू हरवणं किंवा नेमकी कुठे ठेवली ते न आठवणं'. पिनेनं अडकवलेल्या चष्म्यातून मी ती ओळ वाचली. तिच्यात तपासण्यासारखं काही नव्हतं, तरी दोनदा वाचली.

आपण 'सांगणं' म्हणतो आणि 'सांगून टाकणं'ही म्हणतो. 'ऐकणं' म्हणतो आणि 'ऐकून घेणं'ही. रोज शब्दांशीच गाठ असल्यामुळे असेल, पण या दोन जोड्यांपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. सांगून टाकताना माणूस काहीतरी खाली ठेवत असतो, आणि ऐकून घेणारा ते उचलून थोडा वेळ आपल्या हातात धरतो. परक्या माणसाकडे हे नीट होतं. घरात ते होत नाही याचं कारण माया कमी असते हे नव्हे. घरात टाकलेली वस्तू कोणाच्या ना कोणाच्या पायात येते. मी "पाठ दुखतेय" म्हटलं की आई तिकडे रात्रभर कूस बदलत राहते. नवऱ्याला त्यात 'तू कामात हात लावत नाहीस' हे ऐकू येतं, मी तसं म्हटलेलं नसलं तरी. लेक गप्प होतो आणि आपलं दप्तर उचलून दुसऱ्या खोलीत जातो. एक साधं वाक्य, आणि ते तीन जणांना तीन ठिकाणी लागतं. मग मी ते वाक्य बोलतच नाही. आणि आत साठत गेलं की एके दिवशी स्क्रूच्या निमित्तानं बाहेर पडतं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आई आणि मी रात्रीच्या गाडीनं कुठेतरी निघालो होतो. मी वरच्या बर्थवर होते. डब्यातले दिवे मालवले होते, वाटेतली स्टेशनं पिवळ्या पट्ट्यांसारखी छतावरून सरकत जायची, आणि खाली आई समोरच्या अनोळखी बाईंशी बोलत होती. मी झोपले आहे असंच तिला वाटत होतं. आईचा तसा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. खालच्या पट्टीतला, सलग, मध्ये कोणी अडवणार नाही अशी खात्री असलेला. ती म्हणत होती, न्हाणीघरातला नळ महिनाभर ठिबकतोय, रात्री त्या आवाजानं मला झोप लागत नाही, आणि घरात कोणालाच तो ऐकू येत नाही. समोरच्या बाई मध्येच "हं" म्हणत होत्या. एकदा म्हणाल्या, "थेंब मोजायची सवय लागते ना?" आणि आई हसली. हसता हसता तिचा आवाज थोडा ओला झाला. सकाळी त्या बाई आमच्या आधी उतरल्या. नाव नाही, पत्ता नाही. जाताना त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि खिडकीशी बसलेली आई मला कितीतरी मोकळी दिसली.

मला मात्र राग आला होता. आपल्या घरातला नळ, आणि हिनं तो परक्या बाईला सांगावा? मला का नाही सांगितलं? बाबांना का नाही? घरी परत आलो त्या रात्री मी मुद्दाम जागी राहिले. आणि तो मला ऐकू आला. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. इतके दिवस मी त्याच घरात झोपत होते.

नवऱ्यानं विचारलं तो माझाच प्रश्न होता, आठ वर्षांच्या मुलीचा, फिरून माझ्याकडे आलेला. गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये परक्या माणसाबद्दल लिहिताना हे टिपून ठेवलं आहे: जवळच्यांपासून जपून दूर ठेवलेल्या गोष्टी, अगदी कबुलीजबाब वाटावा अशा, लोक परक्यापाशी उघड करतात. तो आपल्या गोतावळ्यात गुंतलेला नसतो, आज आहे आणि उद्या निघून जाऊ शकतो. डब्यातल्या त्या बाई नळ दुरुस्त करू शकत नव्हत्या, कोणाची बाजू घेऊ शकत नव्हत्या, पुढच्या महिन्यात "तुम्हीच तर म्हणाला होतात" असं आठवण करून देऊ शकत नव्हत्या. त्यांच्या हातात फक्त ऐकून घेणं होतं. आईला एवढंच हवं होतं.

रात्री फोन उघडला की मला तो डबा आठवतो. मालवलेले दिवे, वेगवेगळ्या बर्थवरचे आवाज. कोणीतरी लिहितं, बाळ दोन तासांनी झोपलं आणि त्याच क्षणी दाराची बेल वाजली. एका मुलाला फोनवर बोलायची भीती वाटते, तो आधी कागदावर वाक्यं लिहून काढतो, आणि पलीकडून भलताच प्रश्न आला की कागद निरुपयोगी होतो. एका गृहस्थांची बायको गेल्यापासून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लागत नाहीत. ते फक्त मोज्यांबद्दल लिहितात, दुसऱ्या कशाबद्दल नाही, आणि सगळे त्यांच्याशी मोज्यांबद्दलच बोलतात. हे मला फार मोलाचं वाटतं. माणसानं जेवढं दार उघडलं असेल तेवढ्याच फटीतून बोलायचं, ते ढकलायचं नाही, हे मी त्या अनोळखी माणसांकडून शिकले.

मला स्क्रूबद्दल विचारणाऱ्या बाईंचं स्वतःचं गाऱ्हाणं लिफ्टचं होतं. चौथा मजला, वडील डायलिसिसवर, आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार-चार तास. आणि इमारतीची लिफ्ट बंद. त्यांनी प्रत्येक मजल्यावर एकेक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. वडील एक मजला चढायचे, खुर्चीवर टेकायचे, श्वास जागेवर आला की पुढचा मजला. वर पोचायला चाळीस मिनिटं लागायची. तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची रोज कोणीतरी हलवून ठेवायचं, आणि बाईंचा सगळा संताप त्या एका खुर्चीवर गोळा झाला होता. आजाराबद्दल त्या क्वचितच लिहायच्या. लिफ्ट बंद पडून सहा-सात दिवस झाले असतील तेव्हा मी त्यांना उत्साहानं सुचवत सुटले: सोसायटीला लेखी कळवा, खुर्चीवर चिठ्ठी चिकटवा, तळमजल्यावर कोणाकडे तात्पुरती सोय होते का बघा. त्यांचं उत्तर आलं, 'सगळं करून झालं आहे. आज फक्त ऐकून घ्याल का?'

मला माझ्याच घरातलं वाक्य ऐकू आलं. "उद्या नवीन बसवून आण." तेच मी त्यांना तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हटलं होतं.

१९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हॅरा नावाच्या एका पाद्र्यानं जीव द्यायला निघालेल्या माणसांसाठी टेलिफोन सुरू केला. लोक प्रत्यक्षही यायला लागले. बाहेर वाट पाहणाऱ्यांपाशी बसायला, त्यांना काही हवं-नको बघायला काही स्वयंसेवक मदतीला आले, साधी माणसं, कुठलंही शिक्षण न घेतलेली. हळूहळू व्हॅराच्या लक्षात आलं की त्यांच्याशी बोलून झालं की कित्येक जणांना आत येऊन आपल्याला भेटायची गरजच उरत नाही. पुढच्याच वर्षी त्यानं ऐकायचं काम त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. 'समॅरिटन्स' ती हीच संस्था. मला त्यातली बाहेरची खोली फार जवळची वाटते. खरं काम आत होणार म्हणून सगळे थांबलेले, आणि ते बाहेरच होऊन गेलेलं. त्या दिवसापासून मी कोणालाही उत्तर देण्याआधी विचारते, 'काही सुचवू, की नुसतं ऐकू?' दहातले आठ जण म्हणतात, नुसतं ऐका.

तरी या सगळ्याबद्दल माझं मन निर्मळ नाही. एक तर उगाळणं. सांगून टाकणं वेगळं आणि तेच ते रोज उगाळणं वेगळं, आणि दोन्हींमधली रेघ फार पुसट आहे. अमांडा रोज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अडचणींवर सतत, पुन्हा पुन्हा बोलत राहणाऱ्यांची मैत्री जास्त घट्ट असते आणि त्यांच्यात उदासी आणि चिंताही जास्त आढळते, असं त्यात आहे. हे मी माझ्यात पाहिलं आहे. एका महिन्यात मी एकाच अपमानाबद्दल सात वेळा लिहिलं, दर वेळी सहानुभूती मिळाली, आणि दर वेळी तो अपमान थोडा मोठा झाला. आठव्यांदा लिहायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की मला आता तो बरा व्हायला नको आहे. तो बरा झाला तर लिहिणार काय? त्या दिवशी फोन बाजूला ठेवून उठले, आणि कितीतरी दिवस त्याबद्दल कोणाशीच बोलले नाही. जपायच्या गोष्टीही आहेत. लेकाचं नाव मी कधी लिहीत नाही, घराजवळची खूण सांगत नाही, आणि नवऱ्याबद्दल असं काहीच लिहीत नाही जे त्याला समोर बसवून वाचून दाखवता येणार नाही. स्क्रूच्या वेळी ते खरोखरच त्यानं समोर बसून वाचलं.

दुसरं जास्त बोचतं. माझ्या दिवसातला सगळ्यात शांत, सगळ्यात समंजस असा तास मी परक्यांना देते. एका रात्री मोज्यांच्या गृहस्थांना काय लिहावं याचा मी दहा मिनिटं विचार करत होते आणि लेक दारात उभा राहून म्हणाला, "आई, उद्या मला संघात घेणार नाहीत बहुतेक." मी मान वर न करता म्हटलं, "घेतील रे, काळजी करू नकोस." तो गेला. गृहस्थांना मी अतिशय हळुवार शब्दांत उत्तर लिहिलं. पाठवल्यावर माझ्या ध्यानात आलं की लेकालाही हेच हवं होतं. उठून त्याच्या खोलीत गेले, तोवर तो झोपला होता, किंवा झोपल्यासारखा पडला होता. मी वरच्या बर्थवर कशी पडून होते ते मला माहीत आहे, म्हणून मी त्याला हाक मारली नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिले. बऱ्याच वेळानं अंधारातून आवाज आला, "गेल्या वेळी पण नव्हतं घेतलं." मी म्हटलं, "हं." मग तो बोलत राहिला.

नवऱ्याला मी दोन दिवसांनी उत्तर दिलं. म्हटलं, "तुला सांगितलं असतं तर तू उठून स्क्रू शोधायला लागला असतास." तो म्हणाला, "मग त्यात वाईट काय?" वाईट काहीच नाही. मला नीट सांगता येईना. थोड्या वेळानं तोच म्हणाला की रोज सकाळी कामावर जाताना त्याच्या शेजारी एक जण बसतो. आठ वर्षं झाली. गुडघा दुखतो, साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, असं सगळं तो त्याला सांगतो. "नाव काय त्यांचं?" मी विचारलं. "माहीत नाही," तो म्हणाला. गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. छातीत काहीतरी हललं. असूया होती ती, आणि तिच्या पाठोपाठ, आठ वर्षं माझ्या माणसाचा गुडघा ऐकून घेणाऱ्या त्या बिननावाच्या माणसाबद्दल अपार माया.

स्क्रू पंधरा दिवसांनी सापडला. वर दुमडलेल्या पायजम्याच्या घडीत होता, म्हणजे मी फरशीवर शोधत होते तेव्हा माझ्याच अंगावर. दोनदा धुऊन निघूनही तिथंच बसलेला. नवा स्क्रू केव्हाच बसला होता, त्यावर नेलपॉलिशचा थेंबही होता. तरी मी हा बारीक तुकडा तळहातावर घेऊन उजेडात पाहिला. त्यावर इतके बारीक आटे होते की मोजता येईनात. पहिली आठवण आली ती लिफ्टवाल्या बाईंची. वडिलांना चार मजले चढवून आल्यावर, एका कुठल्याशा बाईचा स्क्रू सापडला की नाही हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

त्यांचा शेवटचा निरोप लिफ्ट बंद पडल्याच्या अकराव्या दिवसाचा आहे: 'आज सुरू होईल म्हणालेत.' त्यानंतर काही नाही. मला त्यांचं आडनाव माहीत नाही, इमारत माहीत नाही, ती कुठल्या गावात आहे तेही नाही. शेजारीण असती तर दार वाजवलं असतं. इथे वाजवायला दारच नाही. लिफ्ट सुरू झाली असेल आणि त्या दमून झोपल्या असतील. फोन बिघडला असेल. वडिलांचा विचार मी तिथवर नेते आणि मागे घेते. मी कुठल्याही लिफ्टमध्ये शिरते तेव्हा दार मिटेपर्यंत त्या माझ्याबरोबर असतात, आणि जिन्यात रिकामी खुर्ची दिसली की मी तिला हात लावत नाही.

त्या रात्री त्यांना लिहिलं, 'ताई, स्क्रू सापडला.' थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'लिफ्ट सुरू झाली का?'

अजून एकच खूण आहे. निरोप निघाला आहे, पोचलेला नाही.